दुसरी किल्ली

एका किल्लीवाल्याने मला एक प्रश्न विचारला नाही. पंधरा मिनिटांनी तोच प्रश्न त्याने दुसऱ्या एका मुलाला विचारला. घडलं ते एवढंच. पण त्यानंतर डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडीपासून सुरुवात करतो. पल्सर १५०, २०१४ चं मॉडेल, काळी, टाकीवर डाव्या बाजूला पोचा. भोसरीतल्या एका गृहस्थांकडून ३२,००० रुपयांना घेतली. पन्नाशीचा माणूस, एका वर्कशॉपमध्ये टर्नर. मुलाने नवी स्कूटर घेतली, दारात दोन गाड्या लावायला जागा नाही, म्हणून ही विकायला काढलेली. चाकणच्या कारखान्यातून २००१ पासून पल्सर बाहेर पडतायत. आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की वाटतं, त्यातल्या निम्म्या फिरून फिरून परत इथेच आल्यात. माझीही त्यातलीच एक.

व्यवहार त्यांच्या ओट्यावर झाला. चहा झाला, पैसे मोजून झाले. त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत आरसी, विम्याचा कागद, पीयूसी आणि सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० दिले. वर एक किल्ली.

“दुसरी?” मी विचारलं.

“घरातच आहे कुठंतरी. सापडली की फोन करतो.”

वडिलांच्या वयाच्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे संशय घेतल्यासारखं झालं असतं. मी मान डोलावली आणि निघालो. ती पिशवी कपाटात गेली. पुढच्या सुट्टीत आरटीओत जाऊन गाडी नावावर करून घेऊ, असं म्हणत सात महिने गेले. आपल्यातल्या किती जणांच्या कपाटात अशी एखादी पिशवी आहे, ते ज्याचं त्याला माहीत.

किल्लीचं मात्र मी विसरलो नव्हतो. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. त्यानंतर अधूनमधून रात्री मनात यायचं, की भोसरीतल्या एका घरात, बहुतेक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, माझ्या गाडीची किल्ली पडलेली आहे. तो माणूस चांगला वाटला होता. पण त्याचा मुलगा? मुलाचे मित्र? मोशीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगला गेट आहे, पण ते रात्री लावायची जबाबदारी कुणाची यावर मीटिंगा चालू आहेत.

मग जुलैत, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, माझ्याकडची एकुलती एक किल्लीही गेली. लॉकर पाहिला, कँटीन पाहिलं, रेनकोट झटकून पाहिला, क्वालिटीच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. पाऊस लागून राहिला होता. हँडल लॉक लावायची मला सवय नाही. त्या आळसाचा त्या दिवशी फायदा झाला, गाडी निदान ढकलता येत होती. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने किल्ली नसलेली गाडी बाहेर जाताना पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसून बॅरियर वर केला. एका मित्राने त्याच्या गाडीवरून माझ्या फूटरेस्टला पाय लावला आणि ट्रक, कंटेनर, खड्डे चुकवत आम्ही तळेगाव चौकापर्यंत आलो.

किल्लीवाला ताडपत्रीखाली बसला होता. साठीचा असावा. समोर लाकडी पेटी, पेटीवर छोटा वाइस, तारेच्या मोठ्या रिंगमध्ये ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. मी म्हणालो, “मामा, किल्ली हरवलीय. एकच होती.”

“कंपनीत का सर?”

“हो. क्वालिटीला.”

“बसा.”

एवढीच चौकशी. मी उलट्या क्रेटवर बसलो आणि त्याचं काम पाहू लागलो. आपण रोज कुलपात किल्ली घालतो आणि आत काय आहे हे आयुष्यभर पाहत नाही. आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली बारीकशी स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पट्ट्या एका ओळीत येतात आणि आतला भाग फिरतो. एक पट्टी जरी वरखाली राहिली तरी फिरत नाही. किल्लीवाल्याकडे माझी जुनी किल्ली नव्हती, तिचा नंबर नव्हता. त्याने कोरी किल्ली आत घातली, जरा ताण देऊन डावी-उजवीकडे हलवली, बाहेर काढली आणि टॉर्चच्या उजेडात तिरपी धरली. पट्ट्या जिथे अडल्या तिथे किल्लीच्या अंगावर केसाएवढ्या खुणा उमटल्या होत्या. मला त्या दिसल्याही नाहीत, त्याने बोट ठेवून दाखवल्या तेव्हा दिसल्या. तिथे त्याने कानस चालवली. दोनच घासे. पुन्हा आत, पुन्हा ताण, पुन्हा उजेडात. असं बारा-पंधरा वेळा. थोडक्यात, तो कुलपालाच विचारत होता की तुझी किल्ली कशी आहे, आणि कुलूप त्याला सांगत होतं.

ही कला पाहण्यात मी गुंग असताना तो मुलगा आला.

वीस-बावीस वर्षांचा. अंगात कंत्राटदाराचा टी-शर्ट, पायात सेफ्टी शूज, एका बुटाला नाडी नाही. पावसात भिजत स्प्लेंडर ढकलत आणलेली. नंबर एमएच-२२, म्हणजे परभणी.

“मामा, चावी हरवली. बनवून देता का?”

किल्लीवाल्याने कानस थांबवली. “गाडी कुणाची?”

“माझीच हाय.”

“आरसी दाखव.”

“आरसी गावाकडं हाय. दाजीच्या नावावर हाय गाडी.”

“आत्ता तर तुझी म्हणालास.”

“दाजीची म्हंजी माझीच की, मामा. बहिणीनं दिलीय कामाला जायला.”

“दाजीला फोन लाव.”

मुलाने फोन लावला. स्पीकरवर ठेवला. रिंग वाजत राहिली. “रानात असतील,” तो म्हणाला. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. तेवढ्यात किल्लीवाल्याने माझी किल्ली आणखी एकदा आत घालून पाहिली.

“उद्या ये. दाजीकडून आरसीचा फोटो मागवून ठेव.”

“मामा, आज नाइटला हाय मी. कंपनी म्हाळुंग्याला हाय.”

“मला नाय जमायचं, पोरा.”

मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मदत मागितली असं नाही. तिथे तिसरा माणूस मीच होतो, म्हणून पाहिलं असेल. मी मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं. तो थोडा वेळ ताडपत्रीच्या कडेला थांबला, मग गाडी वळवून खराबवाडीच्या बाजूला ढकलत निघाला. माझी किल्ली फिरली, डॅशवर हिरवा दिवा लागला. मी २५० रुपये दिले आणि घरी आलो.

स्पाइन रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा हिशेब लक्षात आला.

त्या मुलाची गाडी त्याच्या दाजीच्या नावावर होती. माझी गाडी भोसरीतल्या एका अशा माणसाच्या नावावर होती ज्याच्याशी मी आयुष्यात दोनदा बोललो होतो. कागद दोघांकडेही नव्हते, माझे घरी कपाटात होते आणि त्यांवर माझं नाव कुठेच नव्हतं. मुलाकडे निदान फोन लावायला नातेवाईक होता. किल्लीवाल्याने मला म्हटलं असतं, “मालकाला फोन लावा,” तर मी काय केलं असतं? भोसरीच्या काकांचा नंबर मी ‘पल्सर सेलर’ म्हणून सेव्ह केलेला. त्यांचं नाव आठवायला मला आरसी बघावी लागली असती.

म्हणजे त्या ताडपत्रीखाली कागदोपत्री सर्वांत संशयास्पद माणूस मी होतो, आणि बसायला क्रेट मलाच मिळाला होता.

आणखी एक गोष्ट. माझ्या मोबाइलमध्ये एमपरिवाहन ॲप आहे. मुलाच्या गाडीचा नंबर टाकला असता तर मालकाच्या नावातली काही अक्षरं तरी दिसली असती, बाकीच्यावर फुल्या असतात. मुलाला म्हणता आलं असतं, “दाजींचं नाव सांग.” जुळलं असतं तर किल्लीवाल्याचीही चिंता मिटली असती. फार तर दोन मिनिटांचं काम. मी फोन हातात धरूनच बसलो होतो.

आठवड्याने मी परत गेलो. बहाणा होता स्पेअर किल्ली करून घेण्याचा, आणि ती मी करून घेतलीही. नमुना समोर असल्यावर मशीनवर दोन मिनिटांत होते, त्यात पाहण्यासारखं काही नाही. मग विचारलं, “मामा, त्या दिवशी त्या मुलाला आरसी मागितली. मला नाही मागितली.”

तो जराही ओशाळला नाही. “तुमच्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं ना सर.”

“पण कार्डावर गाडीचा नंबर नसतो.”

“नसतो.” तो हसला. मग म्हणाला, “पाच वर्षं झाली. एकाला किल्ली बनवून दिली. गाडी चोरीची निघाली. चौकीत तीन दिवस जावं लागलं, दिवसभर बसवून ठेवायचे. धंदा बंद. चोरी झाली की किल्लीवाला पयला आठवतो लोकांना. तेव्हापासनं मी विचारतो.”

“मग सगळ्यांना विचारा.”

तेव्हा तो जे म्हणाला ते मी घरी आल्यावर फोनमध्ये लिहून ठेवलं. “तुम्हाला विचारलं तर तुम्ही रागावणार. म्हणणार, मी काय चोर दिसतो का? अन् पुढं दुसऱ्याकडं जाणार. तो पोरगा कुठं जाणार?”

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला होता. दाजींनी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून आरसीचा फोटो पाठवला होता. गाडी दाजींचीच होती. रात्रपाळी बुडाली होती, म्हणजे एक खाडा. कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी तर जातेच, सुपरवायझरने मनात धरलं तर पुढच्या महिन्यातली जागाही जाऊ शकते. मी परमनंट आहे. चाकणमध्ये हा शब्द पगाराच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

“त्याच्याकडनं पन्नास कमी घेतले,” किल्लीवाला म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही.

या माणसाला वाईट ठरवणं सोपं आहे आणि ते चूकही आहे. त्याच्याकडे पोलिसांचा डेटाबेस नाही. त्याच्याकडे समोरचा माणूस आहे, वीस मिनिटं आहेत आणि मागे एकदा पोळलेली बोटं आहेत. संशय घ्यायलाही काहीतरी मोजावं लागतं, निदान समोरच्याची नाराजी. ती तो माझ्याकडून ओढवून घेऊ शकत नव्हता, मी गिऱ्हाईक म्हणून निघून गेलो असतो. मुलाची नाराजी त्याला परवडत होती. म्हणून प्रश्न मुलाला विचारला गेला. मुलगा अधिक संशयास्पद होता म्हणून नव्हे. हे किल्लीवाल्याच्याच वाक्यात स्पष्ट होतं, आणि त्याने ते लपवलंही नाही. आपण बहुतेक जण लपवतो.

त्यात एक जुनी गोष्टही आहे. चोरी झाली की ज्याच्याकडे आधी बोट जातं, तोच दुसऱ्याकडे बोट दाखवायला बसवलेला असतो. पुणे जिल्ह्यातल्या गावगाड्यात राखणीचं काम रामोश्यांकडे असायचं. गावात चोरी झाली तर त्यांनी माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला तर पुढच्या गावाच्या राखणदारांवर जबाबदारी, नाही काढता आला तर यांनी भरून द्यायचं. विश्वास आणि संशय दोन्ही एकाच घराच्या पदरात. पुढे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि तो वाढवत सगळ्या ब्रिटिश भारतात नेला. मग अनेक जमातींतल्या माणसांना चोरी न करताही हजेरी द्यावी लागू लागली. सोलापूरला अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. गळ्यात कार्ड आहे की नाही यावरून माणूस ओळखायची सवय त्या कायद्याच्या मानाने किरकोळ आहे, हे मला कळतं. पण प्रश्न दोन्हीकडे तोच आहे: आपण निर्दोष आहोत हे कुणाला सिद्ध करावं लागतं, आणि कुणाचं ते न विचारता धरून चाललं जातं?

मिरांडा फ्रिकर नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ आहेत. त्यांनी २००७ मध्ये ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं की, माणसाच्या शब्दाला तो कोण आहे यावरून कमी किंमत दिली जाते तेव्हा तो फक्त गैरसमज नसतो, अन्याय असतो. कारण ‘मला माहीत आहे आणि मी खरं सांगतोय’ हे म्हणण्याचा माणसाचा अधिकारच त्यात काढून घेतला जातो. पुस्तक वाचताना मला मुलाचं वाक्य आठवत होतं, “दाजीची म्हंजी माझीच की.” ते खोटं नव्हतं. आपल्याकडे गावात गाडी, बैल, विहीर अशीच ‘माझी’ असते. त्या वाक्यातला ‘दाजी’ आणि ‘माझी’ यांतला फरक किल्लीवाल्याने पकडला आणि मुलगा खोटारडा ठरला. मी मात्र “एकच होती” एवढंच म्हणालो आणि पूर्ण खरा ठरलो.

कुणी म्हणेल, अरे पण चोरांचं काय? विचारायलाच नको का?

विचारायला हवं. पण तो प्रश्न कुणाला अडवतो ते पाहा. जुन्या मोटरसायकलचं कुलूप झिजलं की त्यात दुसऱ्या गाडीचीही किल्ली फिरते, हे पार्किंगमध्ये चुकून दुसऱ्याची गाडी चालू केलेल्या कुणालाही विचारा. ज्याचा धंदाच गाड्या उचलण्याचा आहे तो पावसात गाडी ढकलत किल्लीवाल्यासमोर दाजीची गोष्ट सांगत बसत नाही. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने तिथली नावाजलेली कुलपं उघडून दाखवली. त्यातलं ब्रामा कंपनीचं कुलूप १७९० पासून पिकॅडिलीच्या दुकानात लावलेलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. हॉब्सला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. मोठा गदारोळ झाला. हे असं उघड करून चोरांना शिकवताय का, म्हणून लोक चिडले. हॉब्सचं म्हणणं होतं की चोरांना हे आधीच माहीत असतं, माहीत नसतं ते साध्या लोकांना.

किल्लीवाल्याच्या प्रश्नाने एखादा हौशी चोर, सोसायटीतला एखादा टारगट मुलगा नक्की अडेल. तेवढ्यासाठी तो प्रश्न ठेवायला हवा. पण मग तो मलाही विचारायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर मीच पुढे होऊन म्हणायला हवं होतं, “मामा, गाडी अजून माझ्या नावावर नाही, घरून आरसीचा फोटो मागवतो, पाच मिनिटं थांबा.” मी असं म्हटलं असतं तर मुलाला तोच प्रश्न आला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा झाला असता. तिथे सगळ्यांनाच विचारतात, एवढाच. मला न विचारल्याचं सुख मी पंधरा मिनिटं क्रेटवर बसून घेतलं. ते कुणाच्या जिवावर होतं ते मला तेव्हा दिसलं नाही.

हे सगळं डोक्यात असताना मी ‘पल्सर सेलर’ला फोन केला. सात महिन्यांनी.

“काका, गाडी नावावर करायची राहिलीय. तुम्हाला वेळ आहे का?”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “बरं झालं फोन केलात. मी करणार होतो, पण म्हटलं तुम्हाला वाटेल पैशासाठी मागं लागलाय.”

कसले पैसे? तर एप्रिलमध्ये नाशिक फाट्याला मी सिग्नल तोडला होता. मला आठवतही नव्हतं. ई-चलन त्यांच्या मोबाइलवर गेलं, फोटोसकट. फोटोत माझी पाठ आणि त्यांच्या नावावरची गाडी. ५०० रुपये त्यांनी भरून टाकले होते.

“मला का नाही सांगितलंत?”

“पाचशेच होते. पण मला भीती वाटायची हो. पेपरात अपघाताची बातमी आली, काळी पल्सर म्हटलं की नंबर वाचायचो.”

भीती खोटी नव्हती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं आहे. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. मग अपघात झाला, माणूस गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक. गाडी विकून किती वर्षं झाली, किल्ली कुणाच्या खिशात आहे, याने फरक पडत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आम्ही दोघांनीही कळवलं नव्हतं. पण या उशिराचं ओझं आम्हा दोघांवर सारखं नव्हतं. उद्या माझ्या हातून चाकणच्या हायवेवर कुणी गेलं असतं, तर नोटीस भोसरीच्या त्या ओट्यावर गेली असती.

सात महिने मी त्यांच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमधल्या किल्लीची काळजी करत होतो. त्यांच्याकडे माझ्या गाडीची किल्ली होती, एवढंच मला दिसत होतं. माझ्याकडे त्यांचं नाव होतं, ते मी रोज घेऊन फिरत होतो. किल्लीवाल्याला निदान एकदा चौकीत बसवलं होतं म्हणून तो संशय घेत होता. मला तर काहीच कारण नव्हतं.

ऑगस्टच्या एका सोमवारी आम्ही मोशीच्या आरटीओत भेटलो. ते अर्धा दिवस सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पाचशे रुपये मी त्यांच्या खिशात घातले, त्यांनी काढून परत दिले, मी पुन्हा घातले, असं तीनदा झालं आणि शेवटी खिशातच राहिले. फॉर्मवर चासी नंबरचा ठसा लागतो. कागदाची पट्टी नंबरवर धरून वरून शिसपेन्सिल फिरवायची, आकडे आपोआप उमटतात. मला ते नीट जमेना. त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली, गुडघे टेकून खाली बसले आणि एका फटक्यात स्वच्छ ठसा काढला. टर्नरचा हात.

रांगेत उभं असताना ते म्हणाले, “किल्ली काय सापडली नाही हो. सगळं घर पालथं घातलं. तुम्ही लॉकसेट बदलून घ्या, खर्च मी देतो.”

मी म्हटलं, राहू द्या. मग वेळ जावा म्हणून त्यांना किल्ली हरवल्याची गोष्ट सांगितली. पाऊस, तळेगाव चौक, कानशीने घासून केलेली किल्ली. त्यांना कानशीच्या भागात फार रस. किती घासे मारले, कोरी किल्ली पितळेची होती का, हे सगळं विचारलं. मुलाचं मी सांगितलं नाही.

“मग बनवताना त्यानं कागद मागितले असतील की,” ते म्हणाले.

“नाही मागितले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मागायला पाहिजे होते,” ते म्हणाले. “गाडी माझी होती.”